छोटा लिनक्स पीसी मधेच हँग होतो, रीस्टार्ट होतो नाहीतर बंदच पडतो : काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

आधी लक्षणं नीट बघा. "पीसी हँग होतो" असं सगळेच सांगतात, पण समोर बसून बघितलं की बऱ्याचदा प्रकार वेगळाच निघतो, आणि प्रकार वेगळा म्हणजे कारणही वेगळं.

पहिला प्रकार, चित्र आहे तिथेच थिजतं, माउसचा बाण हलत नाही, गाणं चालू असेल तर त्याचा एकच तुकडा र्र्र्र करत वाजत राहतो. पंखा फिरतोय, लाइट चालू आहे, पण बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही.

दुसरा प्रकार, काहीही न सांगता स्क्रीन काळी आणि दोन सेकंदात परत बोर्डचा लोगो. म्हणजे स्वतःहून रीस्टार्ट.

तिसरा, सरळ बंद. आणि यातही एक खूण लक्षात ठेवा, बटण दाबूनही चालू होत नाही, पण अडॅप्टर भिंतीतून काढून मिनिटभर थांबून परत लावला की होतो. असं होत असेल तर अडॅप्टरने स्वतःला वाचवायला सप्लाय तोडला असण्याची शक्यता खूप मोठी आहे.

चौथा प्रकार फसवा आहे. माउस हलतो, उघडलेल्या विंडो दिसतात, पण नवीन काही उघडत नाही, फाइल सेव्ह होत नाही, आणि टर्मिनलमधे "रीड-ओन्ली फाइल सिस्टम" असं येतं. इथे पीसी हँग नाहीये, त्याची डिस्क गायब झालीय. हे दिसलं तर पुढचं वाचायच्या आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा. खरंच, आधी ते करा.

आणि हे कधी होतं ते पण बघा : जोरात काम चालू असताना, का काहीच करत नसताना, का टेबलाला धक्का लागल्यावर?

मी स्वतःचे आणि ओळखीच्या लोकांचे असे मिनी आयटीएक्सवाले, म्हणजे छोट्या चौकोनी मदरबोर्डवर बांधलेले, छोटे डबे बरेच दुरुस्त केलेत आणि जवळजवळ प्रत्येक वेळी माझ्याकडे यायच्या आधी त्या माणसाने लिनक्स दोन-तीनदा नव्याने टाकून झालेलं असतं, डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, बदलून झालेला असतो, शनिवार-रविवार गेलेला असतो आणि रोग तिथेच. कळकळीने सांगते, रीइन्स्टॉल हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे, कारण छोट्या डब्यात दोन गोष्टींची कायम ओढाताण असते, वीज आणि उष्णता, आणि त्या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टम बदलून बदलत नाहीत. सॉफ्टवेअरमुळे होतच नाही असं नाही, खाली येईलच ते, पण ते ओळखायला रीइन्स्टॉल लागत नाही.

एक नियम मात्र पाळा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत तारीख, वेळ, काय चालू होतं आणि काय बदललं ते लिहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं झालं तर कशामुळे बरं झालं ते कळत नाही, आणि परत बिघडलं की पहिल्यापासून सुरुवात.

लॉग वाचा, फुकट आहे

टर्मिनलमधे सुडो लावून (ॲडमिनच्या अधिकाराने) जर्नलसीटीएल ही लॉग, म्हणजे सिस्टमच्या नोंदी, दाखवणारी कमांड चालवा, त्याला उणे बी आणि पुढे उणे एक द्या, म्हणजे आत्ताच्या आधीचं बूट, मागच्या वेळी पीसी चालू होता तेव्हाचं, आणि शेवटी उणे ई लावा म्हणजे थेट शेवटच्या ओळी दिसतात. मागचं बूट सापडत नाही असं म्हणाला तर लॉग डिस्कवर साठतच नाहीयेत, व्हार मधल्या लॉग फोल्डरमधे जर्नल नावाचं फोल्डर बनवा, एकदा रीस्टार्ट करा आणि पुढच्या झटक्याची वाट बघा.

आता त्या शेवटच्या ओळींचं काय करायचं? सगळ्या सर्व्हिसेस एकेक करून थांबल्याच्या ओळी असतील तर पीसी पडलेला नाही, त्याला कोणीतरी बंद व्हायला सांगितलंय. "पॉवर की प्रेस्ड" अशी ओळ असेल तर केसचं बटण किंवा त्याची बारीक वायर बघा, मला एकदा असं बटण मिळालं होतं जे आतच अडकून राहायचं आणि केस थोडी दाबली गेली की बंद. "क्रिटिकल टेंपरेचर रीच्ड" असेल तर सरळ उष्णतेकडे जा. "हार्डवेअर एरर" आणि बरोबर एमसीई (प्रोसेसरने स्वतः नोंदवलेली चूक) असं दिसलं तर प्रोसेसर, रॅम किंवा त्यांना मिळणारी वीज यातलं काहीतरी. आणि लॉग साध्यासुध्या ओळीवर मधेच तुटला असेल, पुढे काहीच नाही, तर वीज गेली किंवा कर्नललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच, काही लिहायला वेळ मिळाला नाही. हे तुटलेलं टोक म्हणजे पण एक पुरावाच आहे, "लॉगमधे काहीच नाही" म्हणून सोडून देऊ नका.

डिस्क गायब होणाऱ्या प्रकारात मात्र लॉग लिहायला डिस्कच नसते. तेव्हा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत या, जर्नलसीटीएलला उणे एफ देऊन चालू ठेवा आणि तसंच सोडून द्या. छोटा डबा पडला तरी त्याच्या शेवटच्या ओळी दुसऱ्याच्या स्क्रीनवर राहतात. मला ही युक्ती उशिरा सुचली, आधी सुचली असती तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

खरंच हँग आहे का?

थिजल्यावर लगेच बटण दाबू नका. कॅप्स लॉक दाबून बघा, कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? एसएसएचने आत जाता येतं का? येत असेल तर कर्नल जिवंत आहे, फक्त ग्राफिक्स किंवा डेस्कटॉप अडकलाय, आणि मग ग्राफिक्स ड्रायव्हर, कर्नलचं व्हर्जन याकडे बघायचं, पार्ट बदलायची गरज नाही.

दुसरी शक्यता रॅम संपल्याची. ८ जीबी रॅम, ब्राउझरमधे चाळीस टॅब, डिस्कचा दिवा सतत लागलेला, आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप जिवात जीव येतो, हे हँग नव्हे, रॅम कमी पडून सगळा भार स्वॅपवर, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेवर, गेलाय. अर्लीओओएम (रॅम संपायच्या आधीच जड प्रोग्राम बंद करणारा) टाका किंवा झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून बसवणारी सोय) चालू करा, आणि जमत असेल तर रॅम वाढवा. नवीन डबा बांधताना तर माझं स्पष्ट मत आहे की १६ जीबीच्या खाली जाऊ नका, कारण छोट्या बोर्डवर स्लॉट दोनच असतात, काहींवर एकच, आणि नंतर वाढवायचं म्हणजे जुनी काढूनच टाकावी लागते.

बटण दाबून धरण्याऐवजी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून एस, मग यू, मग बी अशा की थोडं थांबत थांबत दाबा. पहिली डिस्कवर राहिलेलं लिहून काढते, दुसरी डिस्क रीड-ओन्ली करते, तिसरी रीस्टार्ट. यालाही दाद दिली नाही तर कर्नल खरंच गेलाय, किंवा तुमच्या डिस्ट्रोने ही सोय बंद ठेवलीय, ते एकदा पीसी ठीक असताना तपासून ठेवा.

पिन आणि वायर, हात लावून बघा

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि लोक हमखास गाळतात. बाहेरच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या बऱ्याच डब्यांची गोल पिन बाहेरून ५.५ मिलिमीटरची असते, पण आतलं भोक दोन मापांत येतं, २.१ आणि २.५. बाहेरून बघून फरक कळतच नाही. २.५ वाली पिन २.१ च्या सॉकेटमधे आरामात जाते, पीसी चालूही होतो, फक्त आत ती किंचित सैल असते. माझ्या एका डब्याला हेच झालं होतं. दोन महिने मी त्यात रॅम बदल, कर्नल बदल करत होते, आणि एके दिवशी लिहिता लिहिता टेबलाला गुडघा लागला आणि पीसी रीस्टार्ट झाला. मग पिन दोन बोटांत धरून हळूच हलवली, परत रीस्टार्ट. पिन बाहेर काढली तर तिच्या कडेला बारीक काळे डाग पडले होते, ठिणग्यांचे. योग्य मापाचा अडॅप्टर लावला आणि तो डबा तेव्हापासून पडलेला नाही.

तर पीसी चालू असताना पिन हळूच हलवून बघा, भिंतीतला प्लग हलवून बघा, एक्स्टेंशन बोर्ड काढून थेट भिंतीत लावून बघा. आत एसएफएक्स किंवा फ्लेक्स (केसच्या आतच बसणारा छोटा) सप्लाय असेल तर पूर्ण बंद करून, वायर काढून, २४ पिनचा आणि प्रोसेसरचा ४ किंवा ८ पिनचा कनेक्टर काढून परत टक आवाज येईपर्यंत बसवा. छोट्या केसमधे वायरी जबरदस्तीने कोंबलेल्या असतात, त्यांच्याच ताणाने कनेक्टर अर्धवट वर येतो.

अडॅप्टरचा व्होल्टेजसुद्धा वाचा. थिन मिनी आयटीएक्स बोर्ड, म्हणजे थेट अडॅप्टरवर चालणारे बुटके बोर्ड, साधारणपणे १९ व्होल्टवर चालतात आणि साध्या पिको सप्लायला (अडॅप्टर आणि बोर्डच्या मधे बसणाऱ्या छोट्या सर्किटला) १२ व्होल्ट लागतो, पिन मात्र कित्येकदा दोघांचीही सारखीच बसते. "बसली म्हणजे चालेल" असं करू नका, १२ च्या जागी १९ गेले तर बोर्ड जाऊ शकतो.

लाइव्ह यूएसबी आणि जुनं कर्नल

सॉफ्टवेअर का हार्डवेअर हा प्रश्न सोडवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हा. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून, बूट करा आणि जेवढ्या वेळात एरवी झटका येतो त्याच्या दुप्पट वेळ चालू ठेवा, तसंच काम करत. इथेही पडला तर तुमच्या इन्स्टॉलचा दोष नाही. नाही पडला तर ग्रबच्या, म्हणजे पीसी सुरू होताना येणाऱ्या बूट मेनूच्या, ॲडव्हान्स्ड मेनूतून जुनं कर्नल निवडून आठवडाभर वापरा. रोग अपडेटनंतर सुरू झाला असेल तर बऱ्याचदा इथेच उत्तर मिळतं.

उष्णता

झाकण काढा. एवढंच. झाकण काढून एक दिवस वापरा, आणि झटके थांबले तर अर्धं काम झालं.

नीट मोजायचं तर एलएम सेन्सर्स टाकून सेन्सर्स ही तापमान दाखवणारी कमांड चालू ठेवा आणि दुसऱ्या विंडोत स्ट्रेस एनजीने वीस मिनिटं सगळे कोअर राबवा. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास आपला वेग स्वतःच कमी करतात, म्हणजे नुसतं गरम झालं तर आधी पीसी हळू होतो, तरीही तापमान चढत राहिलं तरच जिवासाठी बंद होतो. म्हणून ६५ अंशांवर रीस्टार्ट होणारा पीसी "गरम होतोय" म्हणून पंखे बदलत बसू नका, त्याचं कारण विजेत शोधा. हा फरक कळला की बरेच पैसे वाचतात.

गरम होतच असेल तर आधी धूळ. हवेच्या डब्याने किंवा मऊ ब्रशने काढा आणि फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंगची वाट लागते. मग केसची जाळी भिंतीला किंवा टेबलाला टेकलीय का ते बघा. बुटके कूलर, ३७ मिलिमीटरवाले वगैरे, बहुतेक वेळा वरून हवा घेऊन खाली बोर्डवर सोडतात, म्हणजे बरोबर त्यांच्या वरची जाळी मोकळी हवी. त्यानंतर थर्मल पेस्ट. पेस्ट बदलायला कूलर काढावा लागतो, म्हणून ती धूळ आणि जागेच्या नंतर.

बायोसमधली रॅम आणि एक रात्र

रॅमचा वेगवान प्रोफाइल, एक्सएमपी किंवा एक्सपो, हा खरं तर ओव्हरक्लॉकच आहे, पाकिटावर छापलेला असला तरी. बायोसमधे, म्हणजे पीसी चालू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमधे, तो बंद करा आणि चार दिवस बघा. ४ दिवसांत एकही झटका नाही आला तर कारण सापडलं, एक पायरी कमी वेग ठेवा, रोजच्या कामात फरक जाणवणारही नाही.

मग मेमटेस्ट८६ प्लस ही रॅमची चाचणी, यूएसबीवरून. २०२२ च्या ६ नंबरच्या व्हर्जनपासून ते यूईएफआयवर (नव्या प्रकारच्या बायोसवर) चालतं. रात्रभर चालू ठेवा. एकही एरर चालत नाही, "दोनच आहेत" असं काही नसतं. एरर आले तर स्टिक काढून परत बसवा, लॅपटॉपवाली छोटी रॅम असेल तर तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिप लागल्या पाहिजेत, मग एका वेळी एकच स्टिक ठेवून परत रात्रभर. आणि उलटही लक्षात ठेवा, मेमटेस्ट पास झालं म्हणजे रॅम शंभर टक्के चांगली असं नाही, फक्त संशय कमी झाला.

काहीच करत नसताना पडतो त्यांच्यासाठी

रात्री चालू ठेवून झोपलो, सकाळी थिजलेला. काम करताना मात्र कधीच नाही. हे उलटं वाटतं पण कारण आहे : काम नसताना प्रोसेसर गाढ झोपेच्या सी-स्टेटमधे जातो, वीज अगदी कमी ओढतो, आणि काही सप्लाय-बोर्ड-प्रोसेसर जोड्यांना तेवढ्या कमी विजेवरून परत उठणं जमत नाही. सुरुवातीच्या रायझनवर हे बरंच गाजलं, आणि त्यावर बायोसमधे पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाचा ऑप्शन मिळतो, तो टिपिकल करंट आयडलवर ठेवायचा. इंटेलच्या जुन्या बे ट्रेल चिपवर लिनक्समधे असेच झटके यायचे, तिथे इंटेल आयडलचा मॅक्स सीस्टेट १ वर ठेवणारा कर्नल पॅरामीटर लोकांनी वापरला. कर्नल पॅरामीटर कायमचा लिहायच्या आधी ग्रबमधे ई दाबून त्या एका बूटपुरता लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी टाकून बघा, चुकलं तर पुढच्या बूटला आपोआप जातो.

डिस्क गायब होण्याचंही असंच. एनव्हीएमई एसएसडी (बोर्डवरच्या एम.२ स्लॉटमधे बसणारी) वीज वाचवायला झोपते आणि काही एसएसडी उठतच नाहीत, लॉगमधे "कंट्रोलर इज डाउन" येतं. एनव्हीएमई कोअरचा डिफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी नावाचा पॅरामीटर ० केला की ही झोप बंद होते. पण त्याआधी स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघा, क्रिटिकल वॉर्निंग शून्य हवं, मीडिया एरर वाढत असतील तर पॅरामीटरने काही होणार नाही, डिस्क बदला. तापमानही बघा, कारण मिनी आयटीएक्स बोर्डवर एम.२ चा स्लॉट पुष्कळदा बोर्डच्या मागच्या बाजूला असतो, तिथे हवा पोचतच नाही.

बायोस अपडेटने यातलं बरंच काही सुटतं. पण जो पीसी स्वतःहून रीस्टार्ट होतोय त्याच्यावर बायोस अपडेट सुरू करू नका. मधेच पडला तर बोर्ड उठणारच नाही. आधी लाइव्ह यूएसबीवर, एक्सएमपी बंद करून, झाकण काढून तो दोन तास शांत चालतो ना ते बघा, मगच.

अडॅप्टर पुरतोय का?

इथे पैसे लागू शकतात म्हणून इतक्या खाली, नाहीतर माझ्या अनुभवात भाराखाली पडणाऱ्या छोट्या डब्यांचा सगळ्यात मोठा गुन्हेगार हाच. पार्ट निवडताना लोक प्रोसेसरच्या खोक्यावरचा ६५ वॉट हा आकडा बघतात आणि ९० वॉटचा अडॅप्टर घेतात. पण तो आकडा बेस वेगाचा. कोअर आय५ १२४०० चंच घ्या, बेस ६५ वॉट, टर्बोमधे, म्हणजे प्रोसेसर थोडा वेळ वेग वाढवतो तेव्हा, ११७ वॉट. एएम४ सॉकेटचे ६५ वॉटवाले रायझन ८८ वॉटपर्यंत जातात. वर बोर्ड, रॅम, एसएसडी, यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क. १९ व्होल्ट आणि ४.७४ अँपिअर म्हणजे ९० वॉट, आणि टर्बोच्या पहिल्याच झटक्याला तो मान टाकतो.

नवीन अडॅप्टर घ्यायच्या आधी फुकट चाचणी करा. बायोसमधे पॉवर लिमिट दोन्ही, पीएल१ (सततची) आणि पीएल२ (टर्बोची), ४५ किंवा ६५ वॉटवर आणा, एएमडी असेल तर इको मोड, आणि मग तोच वीस मिनिटांचा स्ट्रेस. आधी दोन मिनिटांत पडणारा आता वीस मिनिटं टिकला तर वीज कमी पडत होती हे जवळजवळ नक्की. मग ठरवा, मोठा अडॅप्टर घ्यायचा का लिमिट तसंच ठेवायचं. घरच्या साध्या कामाला मी लिमिटच ठेवते, पंखाही शांत राहतो. मोठा अडॅप्टर घेताना बोर्ड किंवा पिको सप्लाय किती वॉट सोसतो ते आधी वाचा, १५० चा अडॅप्टर ९० च्या पिकोवर लावून काही मिळत नाही, उलट झेपेल त्यापेक्षा जास्त वीज ओढली गेली तर पिको जळू शकतो.

सगळं बाहेर काढून

याने पण नाही झालं तर बोर्ड केसमधून बाहेर काढा, पुठ्ठ्यावर ठेवा, एक रॅम, एक डिस्क, प्रोसेसर, कूलर, बास. केसमधे बोर्डखाली कधीकधी जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा खांब) राहिलेला असतो आणि तो बोर्डच्या मागे टेकून शॉर्ट करतो, मिनी आयटीएक्सला स्क्रूची भोकं चारच असतात, पाचवा खांब दिसला तर काढून टाका. बाहेर ठीक आणि आत बिघाड, तर केस किंवा वायरी. बाहेरही तसंच, तर बोर्ड नाहीतर प्रोसेसर, आणि ते दुसऱ्याचा चांगला पार्ट लावल्याशिवाय घरी कळत नाही.

इथे थांबा आणि माहितगाराकडे द्या

जळका वास आला, ठिणगी दिसली, केसला हात लावल्यावर मुंग्या आल्या, बोर्डवरचा एखादा कपॅसिटर वरून फुगलेला दिसला, अडॅप्टर हात ठेववणार नाही इतका तापला, तर त्याच क्षणी भिंतीतून प्लग काढा आणि परत लावून बघू नका.

सप्लायचा किंवा अडॅप्टरचा डबा उघडू नका, कितीही यूट्यूब बघितलेलं असलं तरी. आत ३०० व्होल्टच्या वरचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. बोर्डवरचं पिनचं सॉकेट सैल झालं असेल तर ते बदलायला सोल्डरिंग लागतं, आणि इतके थर असलेल्या बोर्डवर ते सवयीच्या हातानेच करावं. डिस्कवर दुसरीकडे कुठेच नसलेले फोटो, कागदपत्रं असतील आणि डिस्क धड दिसत नसेल, तर रिपेअर करणाऱ्या कमांड चालवू नका, डिस्क काढून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, प्रत्येक जास्तीचा प्रयत्न तिथे नुकसान वाढवतो. आणि वॉरंटी चालू असेल तर बाहेर काढून तपासण्याच्या पायरीच्या आधीच पीसी परत द्या.

देताना नुसता डबा देऊ नका. अडॅप्टर बरोबर द्या, तोच, घरातला दुसरा नव्हे, कारण दुकानातल्या मोठ्या सप्लायवर तुमचा पीसी मस्त चालेल आणि "काहीच झालेलं नाही" म्हणून परत येईल. तुटलेल्या लॉगच्या शेवटच्या ओळींचा फोटो द्या, आणि वहीची पानं द्या.